पाणपक्षी, चतुर आणि वडिलांची चेतक: १५०-६०० घेऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅनन १५००डी, तिच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, दीड वर्षाचा छंद, राहायला हडपसर. आवडी तीन: पाणपक्षी, चतुर आणि जुन्या गाड्या. तक्रारीही तीन. पक्षी लांब आणि मऊ येतात, त्यात पांढरे बगळे तर चुना फासल्यासारखे. चतुराचं डोकं स्पष्ट आलं की पंख धूसर होतात. आणि गाड्यांचे फोटो ‘विकणे आहे’च्या जाहिरातीसारखे दिसतात. लाखभर रुपये साठलेत, तर १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स घ्यावी का? शेवटी जाता जाता एक ओळ: घरी वडिलांची १९८६ची चेतक स्कूटर आहे, तिचाही मनासारखा फोटो अजून निघालेला नाही.

तुम्ही जोडलेले नऊही फोटो मी मोठे करून पाहिले. लेन्सबद्दल नंतर बोलू, कारण मला त्यांत दुसरंच काही दिसलं. नऊच्या नऊ फोटो साडेपाच फुटांवरून काढलेत. बगळा असो, चतुर असो की फियाट, आपण उभे आहोत आणि खाली बघतोय. बगळ्यामागे पाणी नाही तर चिखल आहे, चतुरामागे जमीन आहे, फियाटच्या बॉनेटवर आभाळाचा पांढरा चट्टा आहे. म्हणजे तक्रारी तीन दिसल्या तरी निम्मं दुखणं एकच आहे: कॅमेरा कुठे आहे ते. उरलेलं निम्मं घड्याळाचं. फोटोंवरच्या वेळा पाहिल्या, सगळे साडेदहा ते दीडमधले.

आता यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगते. तुम्हाला रविवारी दहानंतरच घराबाहेर पडता येत असेल तर माझा अर्धा सल्ला निकामी. गुडघे दुखत असतील तर एक चतुर्थांश आणखी. आणि तुम्हाला शिक्रा, सुतार, धनेश असे झाडावरचे पक्षी टिपायचे असते तर मी लगेच म्हणाले असते की घ्या मोठी लेन्स, तिथे दुसरा इलाज नाही. पण तुम्ही विचारलंय पाण्याकाठचं, आणि पाण्याकाठी पक्ष्याला जवळ येऊ देण्याचे रस्ते आहेत.

पक्ष्यांपासून सुरुवात करू. तुमचा भिगवणचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, घ्या. मोठा रोहित उंचीला सव्वा ते दीड मीटरच्या आसपास. तो १०० मीटरवर असताना २५० मिलिमीटर लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण सव्वातीन मिलिमीटर उंच पडते, आणि तुमचा सेन्सर उंचीला जेमतेम १५ मिलिमीटर आहे. म्हणजे फ्रेमच्या पाचव्या हिश्श्याइतका पक्षी. ६०० मिलिमीटर लावलीत तर निम्मी फ्रेम भरेल. पण तोच पक्षी ४० मीटरवर आला तर तुमच्या आत्ताच्या २५०नेसुद्धा निम्मी फ्रेम भरते. हे ६० मीटर कमी करायचे की लाख रुपये खर्च करायचे, असा खरा प्रश्न आहे. आणि ते मीटर कमी करायला आपण पक्ष्याकडे जायचं नसतं, हे शिकायला मला चार वर्षं लागली.

भिगवण म्हणजे उजनीचा फुगवटा. १९८०मध्ये भीमेवर धरण झालं आणि कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या गावांच्या दाराशी पाणी आलं. जानेवारीनंतर पाणी जसजसं उतरतं तसतसे उथळ चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि रोहित तिथे चरायला येतात. कुठल्या वर्षी किती आणि कधी, ते धरणातल्या पाण्यावर ठरतं. मी नवीन असताना एकदा होडीवाल्या दादांना म्हटलं, “अजून थोडं पुढे घ्या ना.” ते म्हणाले, “ताई, उडतील.” मी म्हटलं, “उडू देत, उडतानाचाच हवाय.” पाचशे-सहाशे पक्षी एकदम उठले, डोळ्यांचं पारणं फिटलं, आणि माझ्या सगळ्या फोटोंत पक्ष्यांच्या पाठी आल्या. अर्थातच, ते आमच्यापासून लांब पळत होते! वर मागून येणाऱ्या तीन होड्यांमधल्या लोकांनी मला ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. आता मी दादांना किनाऱ्यावरच सांगते की कितीही वेळ लागो, घाई नको, इंजिन लांबच बंद करा आणि बांबूने रेटत न्या, पक्ष्यांनी मान वर करून चरणं थांबवलं की आपणही थांबायचं. दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात. मग बऱ्याचदा चरत चरत तेच आपल्या दिशेने सरकतात. उठवून काढलेल्या फोटोपेक्षा हा फोटो कायम चांगला येतो, शिवाय पक्ष्यांचं खाणंही मोडत नाही. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) फरसाण, गाठी टाकून गोळा करणं हाही तसलाच शॉर्टकट. मी त्या होडीत बसत नाही.

होडीत फळीवर बसू नका, तळाशी बसा. कॅमेरा होडीच्या काठाला टेकवा. १५००डीचा पडदा वळत नाही, त्यामुळे खाली जायचं म्हणजे डोळ्यासकट अख्ख्या माणसाने खाली जायचं. काठावर असाल तर सरळ पोटावर झोपा. खाली अंथरायला जुनं पोतं ठेवा, कपड्यांची हौस घरी ठेवा. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आला की दोन गोष्टी एकदम होतात. पक्ष्याच्या डोळ्यात डोळा मिळतो, आणि त्याच्या मागे चिखलाऐवजी शंभर-दोनशे मीटर लांबचं पाणी किंवा पलीकडचा काठ येतो. तो आपोआप विरघळतो. बॅकग्राउंड विरघळवायला महागडी लेन्स लागते असं लोक सांगतात, पण पोटावर झोपलं की ५.६ अ‍ॅपर्चरसुद्धा पुरतं.

तुम्हाला एवढ्या लांब जायची गरजही नाही. हडपसरहून सोलापूर रस्त्याने थोडं पुढे गेलात की लोणीच्या अलीकडे कवडीपाट आहे. मुळा-मुठेचं पाणी घाण आहे, फेस आहे, दगडांवर प्लास्टिक अडकलेलं असतं, वास येतो. आणि तरी हिवाळ्यात चक्रवाक येतात, शेकाटे आहेत, हळदी-कुंकू बदकं आहेत, कवड्या खंड्या आहे, धोबी तर पायात येतात. इथले पक्षी माणसांना सरावलेले आहेत. अनोळखी तळ्यावर जो शेकाट्या ५० मीटरवर उडेल तो इथे बराच जवळ येऊ देतो. मी शिकाऊ मंडळींना पहिले तीन महिने कवडीपाटच्या पुढे जाऊ देत नाही. एकच जागा पंधरा वेळा पाहिली की कुठला दगड कुणाचा आहे ते कळायला लागतं, आणि मग त्या दगडासमोर आधीच जाऊन बसता येतं. आपण नंतर आलो तर पक्षी उडतो. आपण आधीपासून आहोत आणि पक्षी नंतर आला तर तो बसतो. जवळ जाण्याचा रस्ता म्हणाले तो हाच.

बसताना दोन दिशा बघा. सूर्य पाठीशी हवा हे तुम्हाला माहीत असेल. वाराही पाठीशी हवा, हे फारसं कुणी सांगत नाही. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतात. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे असतं. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्या गोळा कराल. चिमूटभर कोरडी माती सोडून बघा, एवढं पुरतं. तुमचा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, म्हणून बोट दाबून ठेवण्यापेक्षा उडण्याआधीची लक्षणं ओळखा. पाणकावळा पंख मिटून वाऱ्याकडे वळतो, बदकं माना वरखाली करू लागतात, बगळा वाकतो आणि बहुतेकदा शिटतो. शिटला की शटर.

पांढऱ्याचा चुना होण्याचं कारण सोपं आहे. कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा सरासरी उजेड मोजतो. गडद पाण्यात छोटासा पांढरा बगळा असला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळ करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर न्या. उलट चमकत्या पाण्यावर काळा वारकरी पक्षी (कूट) किंवा पाणकावळा असेल तर अधिक एकवर. फोटो बघताना माहितीचा पडदा लावलात की जळालेला भाग लुकलुकतो. बगळ्याची पाठ लुकलुकली तर आणखी खाली या. आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या मूळ फाइलमध्ये काढा. सावलीतली पिसं नंतर वर आणता येतात, जळालेली कुठूनच आणता येत नाहीत. शटर उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंद, बसलेल्याला १/५००, ५.६ अ‍ॅपर्चर, आणि आयएसओ ४०० ते ८००ला घाबरू नका. फोकसला नऊ बिंदूंपैकी मधला एकच वापरा, तुमच्या कॅमेऱ्यात क्रॉस प्रकारचा, म्हणजे जास्त अचूक, तेवढाच आहे. फोकस एआय सर्व्होवर ठेवा, म्हणजे तो हलत्या पक्ष्याच्या मागे राहतो.

आता घड्याळाचं. तुमचे रोहित मऊ आलेत त्याचा दोष मी लेन्सला देत नाही. फोटो पावणेबाराचा आहे. ऊन चढलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तसंच. ती थरथर १०० मीटर हवेतून पार होऊन तुमच्या लेन्सपर्यंत येते. मग फोकस बरोबर असला, शटर १/४००० असला, तरी पिसांच्या जागी लोणी दिसतं. ६००ने तीच थरथर आणखी मोठी करून दिसली असती. दरवर्षी दोघे-तिघे तरी मोठी लेन्स घेतात, दुपारी भिगवणला जातात आणि लेन्स ‘कॅलिब्रेट’ करायला सेंटरवर नेतात. तपासायचं असेल तर एकच पक्षी सकाळी सातला आणि अकराला, सारख्या अंतरावरून काढून शेजारी शेजारी ठेवा. थरथरीला औषध दोनच: लवकर जाणं आणि जवळ असणं.

दहानंतर काय करायचं मग? चतुर.

इथे ऊन तुमच्या बाजूचं आहे. पक्ष्यांचं फोटोसत्र संपतं तेव्हा चतुरांचं सुरू होतं, म्हणून या दोन आवडी एका माणसाला असणं सोयीचं आहे. आधी ओळख: पंख पसरून बसतो तो चतुर, अंगालगत मिटून बसते ती टाचणी. (काही टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवतात, तो अपवाद सोडून द्या.) लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो, त्याचं पाप या छंदात फेडतेय असं मी गमतीने म्हणते. आपल्याकडे पावसाळा उतरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ते सर्वांत जास्त दिसतात. मैदानावर संध्याकाळी पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात ना, ते बहुधा वाँडरिंग ग्लायडर. हा कीटक हिंदी महासागर ओलांडून भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९मध्ये मांडलं. तो क्वचित बसतो, त्याच्या मागे लागू नका. सुरुवातीला बसणारे निवडा. कवडीपाटला नारिंगी पंखांचा डिच ज्वेल ढिगाने आहे, त्याला घाण पाणी चालतं. सोसायटीच्या टाकीजवळ, कंपाउंडच्या भिंतीवर पंख भिंतीला चिकटवून बसलेला करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट घोस्ट शोधा. सिमेंटवर तो दिसतच नाही, आणि दिसला की रोज तिथेच दिसतो.

लेन्सबद्दल इथे तुम्हाला आनंदाची बातमी आहे. तुमची ५५-२५० साधारण १.१ मीटरवरून फोकस होते, आणि २५०ला त्या अंतरावर फ्रेममध्ये जेमतेम सात सेंटिमीटर रुंदी मावते. चार-पाच सेंटिमीटरचा चतुर निम्म्याहून जास्त फ्रेम भरतो. मॅक्रो लेन्स घेतलीत तर वीतभर अंतरावर जावं लागेल, आणि तोवर तो उडालेला असेल. मी स्वतः मॅक्रो लेन्स फक्त पहाटे वापरते, जेव्हा दव पडून ते गारठलेले असतात आणि उडू शकत नाहीत.

तुमच्या तक्रारीचं मूळ मात्र गणितात आहे. एवढ्या जवळून ८ अ‍ॅपर्चरला फोकसची खोली साधारण चार मिलिमीटर मिळते. ११ अ‍ॅपर्चरला सहा. चतुराच्या पंखांचा विस्तार सहा ते आठ सेंटिमीटर. तुम्ही उभ्याने, तिरकं बघत काढलात तर एक पंख त्या चार मिलिमीटरमध्ये आणि दुसरा बाहेर, यात कॅमेऱ्याची चूक काय? सेन्सरचा पृष्ठभाग आणि पंखांचा पृष्ठभाग समांतर करा. चतुर आडवा बसला असेल तर बरोबर वरून. बाजूने काढायचा असेल तर अंग समांतर ठेवा, पंख धूसर जाऊ देत, पण डोळा आणि शेपटीचं टोक दोन्ही स्पष्ट हवीत. समोरून काढताना फक्त डोळे धरा आणि बाकी सगळं सोडून द्या. तिन्ही फोटो चांगले असतात. यांच्या मधला कुठलाही कोन वाईट.

त्याच्याजवळ जाण्याची पद्धत अशी. तो उडाला तरी तुम्ही हलू नका. पाण्याकाठच्या नराची आपली हद्द असते. एक चक्कर मारून, एखाद्याला हाकलून, बहुतेक वेळा तो त्याच काडीवर परत येतो. तो हवेत असताना दोन पावलं पुढे सरका, बसला की थांबा, पुन्हा उडाला की पुन्हा दोन. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका, आणि हात झटक्याने वर नेऊ नका, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. कॅमेरा आधीच डोळ्याला लावून सरका. वारा असेल तर काडी हलते, मग १/५००च्या खाली जाऊ नका. भर दुपारी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे रोखून शीर्षासन केल्यासारखे बसतात. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून ही कसरत असते. तो फोटो जरूर काढा, फक्त बाजूने आणि त्याच्याच उंचीवरून. फिकट रंगाचा, काचेसारख्या चकचकीत पंखांचा चतुर गवतात बसलेला दिसला तर तो नुकताच कातेतून निघालेला असतो. त्याला हलवून ‘नीट’ बसवू नका, पंख वाकडे राहिले की संपलं.

गाड्यांवर यायच्या आधी एक चूक दुरुस्त करते. तुम्ही लिहिलंय की जुन्या गाड्या बघायला रॅलीच लागते. रॅलीत गाड्या दिसतात हे खरं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून रॅली, प्रदर्शनं. पण रॅलीत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, भोवती मोबाईलवाल्यांचं कडं, मालक घामाघूम. मला तिथे वर्षाकाठी दोन-तीन फोटोंपलीकडे काही मिळत नाही. भिगवणच्या रस्त्यावर काय दिसतं ते बघा. हिवाळा म्हणजे पक्ष्यांचा हंगाम, आणि तोच उसाचा गाळप हंगाम. डोक्यावर उसाचा डोंगर घेतलेल्या टायरगाड्या (रबरी चाकांच्या बैलगाड्या), दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, कानठळ्या बसवणारी गाणी लावलेले ट्रॅक्टर, मागच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’. परतीच्या वाटेवर संध्याकाळी पाचनंतर त्यांची धूळ उन्हात सोन्यासारखी पेटते. आणि या गोष्टी जातात, लक्षात येईपर्यंत गेलेल्या असतात. मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. त्याच्या महिनाभर आधी बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर बंद झाली. तोवर माझ्याकडे टॅक्सीचे चांगले म्हणावेत असे चारच फोटो होते, कारण ‘काय, रोजच दिसते’.

जाहिरातीसारखा फोटो येण्याचं कारण तुमच्या फोटोंत स्पष्ट आहे. १८ मिलिमीटर, उभ्याने, दीड मीटरवरून. गाडीचं नाक फुगतं, चाकं बारीक होतात. दहा पावलं मागे जा, लेन्स ५५वर किंवा त्याहून पुढे न्या, आणि गाडीच्या दिव्यांच्या उंचीवर बसा. पुन्हा तेच, बगळ्याच्या डोळ्याची उंची. फियाट एकदम जड आणि रुबाबदार दिसायला लागेल. मग रंगाकडे बघा. गाडीचा पत्रा हा आरसा आहे. तुम्ही गाडीचा फोटो काढत नसता, तिच्यात पडलेल्या आभाळाचा, भिंतीचा, आणि बंपरमध्ये वाकलेल्या स्वतःचा काढत असता. म्हणून जागा ठरवताना गाडीकडे बघू नका, तिच्यात काय उमटलंय ते बघा. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की विजेच्या खांबाची रेघ दारावरून निघून जाते. ढगाळ दिवस किंवा सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं यासाठी सोन्याची.

तुमच्या लाखातले दोन-तीन हजार मी इथे खर्च करायला लावीन: ५५-२५०ला बसेल असा बऱ्यापैकी सर्क्युलर पोलरायझर. फिरवला की काचेवरची आणि रंगाच्या थरावरची चमक उतरते, आतलं स्टिअरिंग, सीटचं रेक्झिन दिसायला लागतं. उघड्या धातूवर, म्हणजे क्रोमवर, तो चालत नाही, तेव्हा बंपरसाठी तुम्हालाच सरकावं लागेल. दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड खातो, म्हणून उडत्या पक्ष्यांआधी आठवणीने काढा. मी दोनदा विसरले आहे.

चालत्या गाडीसाठी शटर हळू करा. ६०च्या वेगातल्या एसटीला १/६०, टायरगाडीला १/१५सुद्धा चालतो. पाय रोवून कमरेतून वळायचं आणि बटण दाबल्यावरही वळत राहायचं. दहातला एक जमतो. बैलगाडीवाल्यांना आधी हात करा, विचारा, परत येताना फोटो दाखवा. ती माणसं पहाटेपासून राबत असतात, त्यांना थांबवून ‘पोज’ मागू नका. आणि गाडी कुणाचीही असो, फोटो चढवताना नंबर प्लेट पुसा.

१५०-६००चं एकदा मिटवून टाकते. दोन किलोच्या आसपास वजन, होडीत तळाशी बसून दोन तास धरायचं. चतुरांसाठी ती अवजड, गाड्यांसाठी निरुपयोगी. तीन आवडींपैकी एकीला ती उपयोगी, आणि तीही तुम्ही पहाटे गेलात तर. माझं मत: सहा महिने थांबा. अगदीच राहवत नसेल तर एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या, शंका फिटेल. तोवर पोतं, पोलरायझर आणि एक बीन बॅग. ती विकत नका आणू, जुन्या जीन्सचा पाय कापून, तांदूळ भरून शिवा. गाडीच्या खिडकीवर ती ठेवून आतूनच फोटो काढता येतो. बंद गाडीला पक्षी माणसाइतके बिचकत नाहीत.

हे सगळं एका दिवसात बसवायचं तर: पावणेसातला कवडीपाट, सूर्य आणि वारा पाठीशी, पोटावर. दहानंतर त्याच काठावर चतुर, पंखांना समांतर. संध्याकाळी रस्ता, दिव्यांच्या उंचीवर, १/३०.

आता चेतक. तिला धुऊन, स्टँडवर लावून, भिंतीसमोर उभी करून तुम्ही फोटो काढलेत, आणि त्यात स्कूटर आहे पण काहीच घडत नाहीये. वडिलांना फोटोसाठी उभं राहा म्हणू नका, सुरू करून दाखवा म्हणा. बराच काळ उभी असलेली चेतक सुरू करताना ते तिला आधी आपल्याकडे कलती करतील, कान देतील, सरळ करतील आणि मग किक मारतील. अख्ख्या पिढीच्या अंगात मुरलेली ही हालचाल आहे, नव्या स्कूटरवाल्याला ती येत नाही. तुम्ही समोर तिरके, जमिनीवर मांडी घालून, लेन्स ५५वर, ५.६ अ‍ॅपर्चर, १/२५०, फोकस त्यांच्या चेहऱ्यावर. सकाळी सावलीत काढा, म्हणजे पत्रा चमकणार नाही. पहिल्या किकला सुरू झाली नाही तर उत्तमच, तुम्हाला सात-आठ संधी मिळतील. फक्त टाकीत जुनं पेट्रोल असेल तर आदल्या दिवशी काढून टाका, आणि नवीन भरताना टू-टी ऑइल घालायला विसरू नका.